यंत्रं नंतर बसवा, आधी लोकांना नीट उभं राहायला शिकवू

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांमध्ये एका ताईंनी लिहिलं होतं की त्यांच्या भागातल्या बागेतली ओपन जिमची यंत्रं मोडून पडलीत, एकाचं पॅडल गायब, दुसऱ्याचं बेअरिंग गेलंय, कुणी बघत नाही, तरी नवीन यंत्रं बसवावीत. ताईंची तक्रार शंभर टक्के खरी आहे, मोडकं यंत्र लहान पोरांसाठी धोक्याचंच. पण ते पत्र वाचल्यापासून एक गोष्ट डोक्यात घोळतीय ती लिहिल्याशिवाय राहवेना. पत्र लांबणार आहे, जागा कमी असली तर खुशाल कात्री लावा, फक्त मधला उभं राहायचा भाग तेवढा ठेवा.

मी सोलापुरात भवानी पेठेकडे राहतो. लहानपणी तालमीत जायचो, नंतर कराटे शिकलो आणि आता बरीच वर्षं सकाळी मैदानावर पोरांना शिकवतो. पोरांना सोडायला आलेले आई-बाप, आजी-आजोबा कडेला बसून मोबाईल बघत बसायचे, त्यातले काहीजण हळूहळू आमच्या वॉर्मअपमध्ये येऊन उभे राहायला लागले आणि आता त्यांचाच एक वेगळा ग्रुप झालाय. ह्या मोठ्या माणसांना शिकवताना माझं एक मत पक्कं झालं. व्यायाम म्हटलं की आपण डायरेक्ट वजन, यंत्र, पळणं, नाहीतर किक-पंच इथं उडी मारतो. दोन पायांवर नीट उभं कसं राहायचं, आणि घोटा, गुडघा, खुबा, पाठ, खांदा, मनगट हे सांधे जेवढे फिरायला पाहिजेत तेवढे रोज फिरवायचे कसे, हे कुणी कुणाला शिकवतच नाही, ना शाळेच्या पीटीच्या तासाला ना बऱ्याचशा क्लासमध्ये. आणि हे पहिलं शिकवायला पाहिजे, बाकी सगळं नंतर.

यंत्रमागावर काम करणारे एक काका मला म्हणाले होते, "सर, आम्ही दिवसभर उभंच असतो की ओ, अजून किती उभं राहायचं?" प्रश्न रास्त आहे आणि सोलापुरात तर हा प्रश्न हजारो लोक विचारतील. म्हणून ह्याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

यंत्रमागावरच्या माणसाकडं दहा मिनिटं नीट बघा. सुताची कांडी संपली की बदलायची, तार तुटली की वाकून जोडायची, ह्या मागावरून त्या मागावर, पायाखाली कडक फरशी. दोन-तीन तास गेले की अंग आपोआप सोपी वाट शोधतं, सगळा भार एका पायावर जातो, त्या पायाचा गुडघा मागं ढकलून ताठ होतो, कंबर पुढं येते, पोट सुटतं, मान खाली. असं उभं राहिलं की मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू काम सोडून देतात आणि सगळा भार हाडांवर आणि सांधे बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटवर पडतो, तोही रोज त्याच पायावर, त्याच बाजूला. त्यात पोटरीचं काम बंद. पोटरीचे स्नायू आवळले-सुटले की पायातलं रक्त वर ढकललं जातं, ते हलले नाहीत तर रक्त खाली साचतं, मग संध्याकाळी पाय जड, घोट्याला सूज आणि वर्षानुवर्षं तेच चाललं की पिंढरीवर निळ्या शिरा वर येतात. हे उभं राहणं म्हणजे नुसती झीज आहे, ह्याला व्यायाम म्हणता येत नाही. काकांचं उभं राहणं आणि मी सांगतोय ते उभं राहणं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता मी कसं उभं करतो ते सांगतो. पाय खांद्याएवढे फाकवून, पंजे सरळ समोर किंवा किंचित बाहेर. तळव्याचे तीन ठिकाण जमिनीला टेकलेत का ते आधी बघायचं, अंगठ्याच्या मागचा उंचवटा, करंगळीच्या मागचा उंचवटा आणि टाच. बहुतेकांची एक बाजू उचललेली असते आणि त्यांना ते माहीतच नसतं, जुन्या चपलेचा तळ उलटा करून बघितला की कळतं कुठली बाजू जास्त झिजलीय. मग गुडघे सैल, अगदी थोडे वाकलेले, आणि गुडघ्याची वाटी पायाच्या मधल्या बोटांच्या दिशेनं, आत पडू द्यायची नाही. मागं उंच स्टुलावर बसायला निघालो आणि टेकायच्या आधीच थांबलो असं समजून कंबर खाली सोडायची, म्हणजे पाठीचा खालचा बाक थोडा सपाट होतो. छाती पुढं काढायची नाही. हनुवटी किंचित आत, डोक्याचा मागचा भाग वर. हात छातीसमोर आणायचे, मोठा रांजण कवेत घेतल्यासारखे, कोपरं खांद्यापेक्षा खाली आणि काखेत थोडी हवा. श्वास नाकानं, जसा येतो तसा, मुद्दाम ओढायचा नाही आणि अजिबात रोखायचा नाही. बस, एवढंच. डोळे उघडे ठेवून समोर लांब कुठंतरी बघायचं.

एक मिनिट सोपं जातं. दुसऱ्या मिनिटाला खांदे कानाकडं चढायला लागतात, कपाळाला आठ्या पडतात, दात आवळले जातात. तेव्हाच खरा व्यायाम चालू होतो, कारण एकेक ठिकाण सोडायचं असतं आणि तरी पडायचं नसतं. तिसऱ्या मिनिटाला मांड्या थरथरतात. नवीन माणूस घाबरतो, म्हणतो सर काहीतरी होतंय, मी सांगतो काही होत नाहीय, आजवर ज्या स्नायूंनी तुम्हाला कधी उचललंच नाही ते आता कामाला लागलेत. थोडी थरथर चालते. पण गुडघ्याच्या सांध्यात टोचलं किंवा चक्कर आल्यासारखं झालं तर लगेच थांबायचं, चार पावलं चालायचं, टाचा वर-खाली करायच्या. पहिल्या आठवड्यात दोन मिनिटं पुष्कळ झाली, महिन्याभरात पाच होतात, दहा मिनिटं शांत उभा राहणारा माणूस मी चांगला समजतो. कुणी पहिल्याच दिवशी वीस मिनिटं उभं राहायची पैज लावू नका, त्यात काही मिळत नाही, उलट दुसऱ्या दिवशी माणूस येतच नाही.

ही काही माझी आयडिया नाही हे उघड आहे. चीनमध्ये वांग शियांगझाय म्हणून गुरू होऊन गेले, १८८५ ते १९६३. त्यांनी यीचुआन ही युद्धकला उभी केली आणि तिच्या मध्यभागी ठेवलं ते हेच उभं राहणं, ज्याला तिकडं झान झुआंग म्हणतात. ठरलेल्या हालचालींची लांबलचक माळ पाठ करायची पद्धत त्यांनी बाजूला काढली. त्यांचं म्हणणं होतं की शरीर स्थिर असताना आत काय चाललंय ते ज्याला कळत नाही त्याला हलताना काय कळणार. पुढं त्यांनी हेच आजारी माणसांनाही शिकवलं, आणि मला ह्यातलं महत्त्वाचं हे वाटतं की लढणाऱ्याला आणि आजाऱ्याला एकच व्यायाम, फक्त उंची आणि वेळ वेगळी. मजबूत माणूस खाली बसेल, अशक्त माणूस वर राहील.

कराटेतही हेच आहे पण आपण ते घाईघाईत उरकतो. गोजू-र्यू ह्या कराटे शैलीचे गुरू मियागी चोजून, १८८८ ते १९५३, ह्यांच्या परंपरेत सान्चिन ह्या ठरलेल्या हालचालींच्या सरावाला फार मोठं स्थान आहे, पुढच्या पायाचा पंजा किंचित आत, गुडघे थोडे वाकलेले, आणि तसंच सावकाश एकेक पाऊल. जपानच्या ओकिनावा बेटावर तर मातीच्या बरण्यांची तोंडं बोटांच्या पकडीत धरून हे चालायचे, बरणी सुटली की कळायचं ध्यान कुठं गेलं ते. आपल्या पोरांना पहिल्या दिवसापासून हाय किक पाहिजे आणि पालकांना तीन महिन्यांत बेल्ट. किबा दाचीत, म्हणजे घोड्यावर बसल्यासारखं पाय फाकवून गुडघे वाकवून, पोरगं तीस सेकंद टिकत नाही, आणि त्याच पोराची किक मारताना खालच्या पायाची टाच उचलली जाते, तोल जातो, मग सर ओरडतात पाय वर घे, पाय वर घे. अहो वरचा पाय बरोबर आहे, खालचा पाय चुकलाय.

केरळच्या कळरीपयट्टू ह्या जुन्या युद्धकलेत क्रम कसा आहे बघा, उत्तरेकडच्या पद्धतीत पहिली पायरी नुसतं शरीर, मग लाकडी हत्यारं, मग धातूची, आणि निःशस्त्र लढणं शेवटी. शरीर घडल्याशिवाय काठीसुद्धा हातात देत नाहीत. तिथल्या कळरीच्या गुरू मीनाक्षी अम्मांना २०१७ साली पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांचं वय सत्तरीच्या पुढं होतं आणि त्या तेव्हाही शिकवत होत्या. त्यांचे व्हिडिओ बघा, हत्याराकडं बघू नका, पाय आणि खुबे बघा.

आणि लांब कशाला जायचं. आपल्या सिद्धेश्वर यात्रेत संक्रांतीला सात नंदीध्वज निघतात. तीस फुटांच्या आसपास उंचीची काठी, वर सजावट, पांढऱ्या बाराबंदीतला माणूस ती कमरेवर भार घेऊन पेलतो आणि गर्दीतून चालतो. शहरातल्या अडुसष्ट शिवलिंगांची प्रदक्षिणा आहे, म्हणजे थोडंथोडकं चालणं नाही. यात्रेच्या आधी त्याचा सराव चालतो तेव्हा जाऊन बघा, जो नुसता दंडानं काठी धरायला जातो त्याची काठी डुलते आणि तो दमतो. ज्याचे गुडघे सैल, कंबर खाली आणि नजर वर आहे त्याच्याकडं काठी शांत. वारा आला तर तो माणूस हातानं काठी ओढत नाही, पायानं काठीच्या खाली जातो. एवढी मोठी विद्या आपल्या गावात दरवर्षी रस्त्यावरून जाते आणि आपण फक्त फोटो काढतो. नंदीध्वज पेलणाऱ्या जुन्या जाणत्या लोकांनी शाळांमध्ये जाऊन पोरांना नुसतं काठीशिवाय उभं राहायला आणि पाऊल टाकायला शिकवलं तरी किती होईल.

आता दुसरा भाग, सांधे मोकळे करणं. मागाच्या बरोबरीनं सोलापूरचं दुसरं मोठं काम म्हणजे विड्या वळणं, आणि ते करतात बाया. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, पाय मुडपून बसायचं ते दिवसभर, मान खाली, खांदे पुढं, आणि बोटांची तीच हालचाल हजारदा, पान गुंडाळायचं, दुमडायचं, दोरा बांधायचा. माझ्या ग्रुपात अशा काही मावश्या आहेत. उठताना त्यांना जमिनीला हात टेकवून आधी गुडघ्यावर यावं लागायचं, मग भिंतीचा आधार. ह्यांना सरळ उभं करून दहा मिनिटं झान झुआंग करायला लावणं चूक आहे, ह्यांच्यासाठी आधी हालचाल, मग उभं राहणं.

सांध्यात हाडांच्या टोकाला जी गुळगुळीत कूर्चा असते तिला मोठ्या माणसात स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिला खाणं मिळतं ते सांध्यातल्या पातळ द्रवातून, सांधा दाबला गेला आणि मोकळा झाला की तो द्रव आत-बाहेर होतो. म्हणजे न हलणारा सांधा उपाशी राहतो. डॉक्टर "हालचाल ठेवा" म्हणतात त्यामागचं हे एक कारण आहे, पण कुठली हालचाल ते सांगायला ओपीडीत वेळ नसतो, त्यांचाही नाइलाज असतो.

मी खालून वर जातो. घोटा आधी, कारण घोटा आखडला की गुडघा आणि कंबर त्याची भरपाई करतात. भिंतीसमोर उभं राहायचं, एक पाय पुढं, अंगठा भिंतीपासून साधारण १० सेंटीमीटरवर, आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का बघायचं. नाही टेकला तर तिथून सुरुवात, पाय थोडा जवळ घ्या आणि रोज दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा सावकाश गुडघा पुढं-मागं. दोन पायांत फरक असतो बहुतेकांच्या, जुना मुरगळलेला पाय लगेच ओळखू येतो. मग खुबा. खुर्चीच्या पाठीला धरून एक गुडघा वर घ्यायचा, बाजूला उघडायचा, मागं नेऊन खाली सोडायचा, मोठ्यात मोठं वर्तुळ, पण कंबर वळू द्यायची नाही, फिरायचं ते फक्त खुब्यानं. हे भरभर केलं तर कंबर फिरते आणि माणसाला वाटतं खुबा फिरतोय. म्हणून सावकाश. पाठीसाठी मार्जारासन, म्हणजे हात-गुडघे जमिनीला टेकून पाठ मांजरासारखी वर-खाली.

खांद्यासाठी आपल्याच सोलापूरचा टॉवेल. दोन टोकं धरून हात सरळ समोर, मग वर, जमलं तर मागं कमरेपर्यंत, कोपर न वाकवता. पहिल्यांदा हात लांब-लांब धरायचे, जसजसं मोकळं होईल तसं पकड जवळ आणायची. तालमीतल्या पैलवानांचे खांदे एवढे मोकळे आणि मजबूत का असतात, तर मुद्गल, म्हणजे लाकडाची जड गदा, फिरवून. डोक्यामागून फिरणारं मुद्गल म्हणजे खांद्याची पूर्ण फिरकी, वजनासकट. इंग्रज सैन्यानं आपल्याकडं ते बघितलं आणि एकोणिसाव्या शतकात उचलून नेलं, आणि आता आपली पोरं तेच मोबाईलवर परदेशी माणसाकडून शिकतात. तालमीत कोपऱ्यात धूळ खात पडलेली मुद्गलांची जोडी तेवढी पुसून घ्या म्हणजे झालं.

विडीवाल्या मावश्यांना बोटांचं वेगळं सांगतो. दिवसभर बोटं आत वळतात, म्हणून उलटं करायचं, पाचही बोटं रबरबँड लावून बाहेर उघडायची, तळवे जमिनीवर किंवा भिंतीवर ठेवून मनगट हळूच मागं, अंगठ्याची गोल फिरकी. तासाभरानं एकदा सूप बाजूला ठेवून उठायचं, दोन मिनिटं उभं राहायचं, हात वर, मान मागं टाकायची नाही, हनुवटी आत, आणि परत बसायचं. पीस रेटवर काम आहे, दोन मिनिटं म्हणजे पण पैसे जातात हे मला कळतं, म्हणून दोनच मिनिटं सांगतो.

उकिडवं बसणं ह्याबद्दल एक स्वतंत्र वाक्य लिहायलाच पाहिजे. आपल्या आज्या विहिरीवर, चुलीपुढं, शेतात उकिडव्या बसायच्या आणि हात न टेकता उठायच्या. आता घरात कमोड आला, ओटा आला, डायनिंग टेबल आलं, सोय झाली ते चांगलंच झालं, पण चाळिशीचा माणूस टाचा टेकवून उकिडवा बसू शकत नाही. रोज दाराची चौकट धरून थोडं-थोडं खाली जा. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी किंवा ज्यांना डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केलीय त्यांनी हे करायचं नाही, त्यांना खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं पुरे.

एका गोष्टीचा मला राग आहे आणि तो लिहितो. काही ठिकाणी क्लासमध्ये लहान पोरांना स्प्लिट, म्हणजे पाय पूर्ण फाकवून जमिनीला टेकवणं, यावा म्हणून मागून सर दाबतात, मोठी पोरं मांडीवर उभी राहतात, पोरगं रडतं आणि बाकीचे हसतात. हे बंद झालं पाहिजे. वाढत्या वयात हाडांच्या टोकाची वाढ चालू असते, स्नायू जिथं हाडाला चिकटतो ती जागा कच्ची असते, जोरानं ताणलं तर तिथं इजा होते आणि ती पोरगं पुढं वर्षभर बाळगतं. पाय दुसऱ्यानं ढकलून वर जाणं वेगळं आणि स्वतःच्या ताकदीनं वर नेऊन तिथं धरणं वेगळं, लढताना कामाला येतं ते दुसरं. किकच्या आधी एक-एक मिनिट ताणून बसलं तर स्नायूचा जोर काही वेळापुरता उलट कमी पडतो, हे तपासून झालेलं आहे. म्हणून सुरुवातीला हलत-हलत सांधे मोकळे करा, लांब ताणणं क्लास संपल्यावर. पालकांनो, पोराचा क्लास एकदा पूर्णवेळ बसून बघा, आणि असं दाबताना दिसलं तर तिथंच विचारा.

हे सगळं नुसतं परंपरेचं कौतुक आहे असं कुणाला वाटू नये म्हणून थोडं शास्त्राचंही लिहितो. २०२२ साली ब्राझीलच्या डॉक्टरांचा एक अभ्यास आला होता, ५१ ते ७५ वयाच्या १७०२ लोकांना एका पायावर १० सेकंद उभं राहायला सांगितलं, पाचातल्या साधारण एकाला जमलं नाही, आणि पुढच्या सातेक वर्षांत ज्यांना जमलं नव्हतं त्यांच्यात मृत्यूची शक्यता, वय आणि आजार हिशोबात धरूनही, ८४ टक्के जास्त निघाली. ह्याचा अर्थ एका पायावर उभं राहिलं की आयुष्य वाढतं असा नाही, तो अभ्यास तसं सिद्ध करत नाही, पण तोल हा तब्येतीचा आरसा आहे एवढं नक्की. २०२३ मध्ये २७० चाचण्या एकत्र करून, १५ हजारांहून जास्त लोकांचे आकडे बघून, ब्लड प्रेशरसाठी कुठला व्यायाम चांगला ते तपासलं. पळणं, वजनं ह्या सगळ्यांनी फायदा होतो, पण सगळ्यात पुढं निघाला तो न हलता धरून ठेवायचा व्यायाम, वरचं प्रेशर सरासरी आठेक आणि खालचं चारेक पॉइंटनं खाली. त्यातही भिंतीला पाठ टेकवून अर्धं बसणं सगळ्यात चांगलं ठरलं. दोन मिनिटं धरायचं, मध्ये विश्रांती, असं चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस, अशा साध्या पद्धतीनं हे प्रयोग झालेले आहेत. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत ६५ च्या पुढच्यांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करावेत असं स्पष्ट म्हटलंय. आपल्याकडं ज्येष्ठांना एकच सल्ला मिळतो, "चाला". चालणं चांगलंच आहे पण नुसतं चालून तोल सुधारत नाही, आणि म्हातारपणी खुबा मोडतो तो बहुतेकदा तोल जाऊन पडल्यामुळं.

पण ब्लड प्रेशरच्या पेशंटनी हे वाचून उद्यापासून भिंतीला टेकून बसू नये. प्रेशर कंट्रोलमध्ये नसेल तर आधी डॉक्टर, कारण धरून ठेवताना त्या वेळेपुरतं प्रेशर वर जातं आणि श्वास रोखला तर फारच वर जातं. मी सगळ्यांना मोठ्यानं आकडे मोजायला लावतो, बोलणारा माणूस श्वास रोखू शकत नाही. शुगरमुळं ज्यांचे तळवे बधिर आहेत त्यांनी एका पायावरचं काहीही भिंतीजवळ किंवा कट्ट्याला धरूनच करायचं आणि नंतर तळपाय बघायचे, कुठं टोचलं-बिचलं तरी त्यांना कळत नाही. उपाशीपोटी चक्कर येणाऱ्यांनी थोडं खाऊन या. आणि आपल्याकडचा एप्रिल-मे, चाळिशीच्या पुढं पारा, तेव्हा सकाळी साडेसहाच्या आत उरकायचं नाहीतर घरात पंख्याखाली.

आता ताईंच्या पत्राकडं येतो. बागेत यंत्रं पाहिजेत का, तर असली तर हरकत नाही, पण त्याच पैशात आधी एक साधा ओटा होईल. वीस-पंचवीस माणसं हात पसरून उभी राहतील एवढा, एका पातळीत, पाणी न साचणारा. त्यावर चकचकीत टाईल नको, दव पडलं की माणूस घसरतो, खरबरीत फरशी किंवा दाबून बसवलेला मुरूम चालेल. एका बाजूला कमरेएवढा पाईपचा कठडा, ज्येष्ठांना धरायला. पूर्वेच्या बाजूला झाड किंवा पत्रा, कारण सात वाजताच ऊन तोंडावर येतं. ह्यात मोडण्यासारखं काही नाही. आमच्या भागातल्या एका बागेत नेमकी अशी मोकळी जागा होती, तिथं यंत्रं बसवली, आता ना यंत्र चालतं ना उभं राहायला जागा आहे, ज्येष्ठ लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून हात हलवतात आणि बाजूनं रिक्षा जातात. संबंधितांनी निदान नवीन बागांचे प्लॅन करताना तरी ह्याचा विचार करावा.

शिकवायला माणसं लागतील म्हणाल तर ती गावात आहेत. तालमींचे वस्ताद आहेत, योगशिक्षक आहेत, कराटे-तायक्वांदोचे शिक्षक आहेत, लाठीकाठी शिकवणारे आहेत, फिजिओथेरपिस्ट आहेत, नंदीध्वजाचे जाणते आहेत. प्रत्येकजण आपापल्या कोपऱ्यात आहे. महिन्यातून एक रविवार एका ठिकाणी सगळ्यांनी यावं, फी नको, बॅनर नको, उद्घाटन नको, मी माझ्याकडून यायला तयार आहे.

आणि तुमच्याकडं एक मागणं आहे संपादक साहेब. रविवारच्या पानावर आरोग्याचा मजकूर असतो त्यात आठवड्याला एकच व्यायाम द्या, पण फोटो समोरून नको. समोरून सगळे सारखेच उभे दिसतात. बाजूनं काढलेला फोटो पाहिजे, कान, खांदा, खुबा, घोटा दिसतील असा, आणि त्याच्या शेजारी चुकीचा, गुडघा मागं ढकललेला आणि कंबर पुढं आलेली. फोटोतला माणूस जिममधला पिळदार पोरगा नको, नऊवारी नेसलेली आजी किंवा मागावरचा काका चालेल, ते कपडे घालूनच लोकांना हे करायचं आहे. माझ्या ग्रुपातले दोघे-तिघे फोटोला यायला तयार आहेत, विचारून ठेवलंय.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
भवानी पेठ, सोलापूर